बाळंतिणीच्या उशाशी

नागपुरात साठी उलटलेल्या दहा माणसांना त्यांचा जन्म कुठला, असे विचारून पाहा. त्यातले दोघे-तिघे तरी गावाचे नाव सांगणार नाहीत. मातृसेवा संघातला, असे उत्तर देतील. जणू ते एखादे गाव असावे आणि त्याला वेस, पाणवठा आणि मारुतीचे देऊळ असावे. मीही त्याच गावचा. शाळेत नाव घालताना वडिलांनी जन्मस्थळाच्या रकान्यात नागपूर लिहिले खरे. पण आई विचारणाऱ्याला नेहमी संघाचेच नाव सांगायची. एवढ्या माणसांचे जन्मगाव जिने वसवले, तिला स्वतःला मूलबाळ नव्हते. पंधराव्या वर्षीच तिचे कुंकू पुसले गेले होते. कमलाताई होस्पेट हे तिचे नाव. नागपूरकरांना ते चांगले ठाऊक आहे. पण त्या नावामागे काय होते, हे आता घराघरांतून सांगितले जात नाही, म्हणून हा प्रपंच.

कमलाताईंचा जन्म १८९६ चा, खानदेशातल्या शिरपूरचा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये अरुणावतीच्या काठी वसलेले हे गाव. माहेरचे नाव यमुना, आडनाव मोहनी. ते वर्ष मोठे विलक्षण होते. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला, पावसाने दगा देऊन देशाच्या मोठ्या भागावर दुष्काळ आणला आणि त्याच वर्षी पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी उभी केली. शिरपूरच्या त्या घरात पाळणा हलत होता, तेव्हा पुढे ज्या प्रश्नाने तिचे आयुष्य व्यापायचे होते, त्याला पुण्यात कुणीतरी हात घातला होता.

बाराव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. नवऱ्याचे नाव गुरुराव होस्पेट. तीन वर्षांनी ते वारले. हा सगळा संसार एका वाक्यात संपतो. कारण तो होताच तेवढा. पंधरा वर्षांची मुलगी, म्हणजे आजच्या नववी-दहावीतली. तिच्यापुढे त्या काळी काय वाढून ठेवलेले असे, हे जुन्या कादंबऱ्यांतून आपण पुष्कळ वाचले आहे. केशवपन, लाल आलवण, एकभुक्त आणि दिवसभराची राबणूक. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पण कायदा झाला म्हणून ब्राह्मण घरातल्या बालविधवेचा पाट कुणी मांडत नसे.

मला मात्र या सगळ्यात एक वेगळीच गोष्ट टोचते. विधवेवरची बंधने सर्वांत कडक होती ती जन्माच्या वाटेवर. डोहाळजेवणाला तिने ओटी भरायची नाही. बारशाला पाळण्याची दोरी धरायची नाही. बाहेर निघताना ती समोर आली तर माणूस पुन्हा घरात जाऊन घोटभर पाणी पिऊन निघे. मग कळा येत असलेल्या सुनेपुढे तिची सावली कोण पडू देणार? बाळंतिणीची लुगडी धुवायला, चुलीवर पाण्याचे हंडे चढवायला आणि रात्र रात्र जागायला मात्र तीच लागे. काम तिचे आणि अपशकुनही तिचाच. अशा एका विधवेने पुढे हजारो बाळांना जगात पहिला हात लावला. कमलाताईंनी व्याख्याने देऊन या समजुतीचा प्रतिवाद किती केला असेल कोण जाणे, पण प्रसूतिगृहाच्या दारात रोज तिला जे उत्तर मिळत होते, त्यापुढे व्याख्यान करायची गरज नव्हती.

घरात कोंडून न घेता शिकायचे ठरवले, तर त्या काळच्या विधवेपुढे दोन वाटा असत. एक मास्तरणीची, तिला त्यातल्या त्यात प्रतिष्ठा होती. हिंगण्याला कर्व्यांकडे गेलेल्या बऱ्याच मुली त्या वाटेने गेल्या. दुसरी परिचारिकेची. पुण्याला रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले, तेव्हा पुण्यातली भली भली माणसे चपापली होती. रक्त, मळ, परक्या माणसांचा स्पर्श, कोणत्याही जातीचा रोगी आणि रात्रपाळी. त्यातही सुईणपण म्हणजे तर खालचे काम. गावगाड्यात ते ज्या जातींकडे होते, त्या जातींच्या बायकांना बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश असे. पण ओटीवर बसायला चटई नसे. मूल सोडवून झाले की ती मागच्या दाराने निघून जायची आणि सुपात ठेवलेले धान्य तिला वरून टाकले जायचे. कमलाताईंनी ही दुसरी वाट धरली. नागपूरच्या डफरीन रुग्णालयात त्यांनी सुईणपणाचे शास्त्रीय शिक्षण घेतले. म्हणजे एकाच पावलात त्यांनी सोवळे आणि जात अशा दोन्ही रेघा ओलांडल्या.

डफरीन हे नाव आपल्याकडे गावोगावच्या जनाना दवाखान्यांना चिकटले आहे. त्याची कथाही बाळंतपणासारखीच दाराआडची आहे. १८८१ साली पन्नाच्या महाराणीवर एलिझाबेथ बील्बी नावाच्या इंग्रज मिशनरी बाईंनी उपचार केले. त्या विलायतेला परत निघाल्या, तेव्हा राणीने आपल्या देशातल्या बायकांचे हाल व्हिक्टोरिया राणीच्या कानावर घालायला सांगितले आणि तो निरोप लहानशा चिठ्ठीवर लिहून गळ्यातल्या लॉकेटमध्ये घालून दिला. तो निरोप पोचला. पुढे व्हाइसरॉय म्हणून लॉर्ड डफरीन आले, तेव्हा राणीने त्यांच्या पत्नीला यात लक्ष घालायला सांगितले आणि १८८५ मध्ये लेडी डफरीन यांचा निधी उभा राहिला. पुरुष डॉक्टरांपुढे न जाणाऱ्या बायकांसाठी बायकांचे दवाखाने, हा त्यामागचा विचार. पुढे १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दायांना शिकवण्यासाठी वेगळा निधी काढला. दोन्ही कामे चांगलीच होती. पण वरून खाली आलेल्या कामाला एक तुसडेपणा चिकटतो, तो याही दवाखान्यांना सुटला नव्हता. डफरीनमध्ये गोऱ्या परिचारिकांकडून इथल्या बायकांना जी दुजाभावाची वागणूक मिळे, ती पाहून कमलाताईंच्या मनात आपले, स्वतःचे प्रसूतिगृह काढायचे आले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

आता जरा घरातले बाळंतपण म्हणजे काय होते, ते पाहू. कारण त्याशिवाय १९२१ साली नागपुरात जे घडले त्याचे मोल कळायचे नाही. माझ्या आजीची सात बाळंतपणे घरात झाली. त्यातली चार मुले जगली आणि आजी याला आपले नशीब चांगले असे म्हणे. बाळंतपणाची खोली म्हणजे घरातली सर्वांत अंधारी, माजघरामागची. खिडकी असली तर वारा लागू नये म्हणून चिंध्या कोंबून बंद केलेली. सोयर असल्यामुळे चांगले अंथरूण त्या खोलीत न्यायचे नाही. जुनी बाज, फाटकी वाकळ आणि धुऊन विरलेली लुगडी. एका कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी. दहा दिवस ती खोली बंद.

नाळ कापायला जे हाताशी येईल ते. कुठे विळा, कुठे बांबूची कांब, कुठे खापराचा तुकडा. कापलेल्या टोकावर राख किंवा शेण. आपल्या शेणाला आपण पवित्र मानतो, पण धनुर्वाताच्या जंतूंना त्याच्याइतके माहेर दुसरे नाही. अशा बाळाला साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात झटके यायला लागत. तोंड आवळले जाई, अंग धनुष्यासारखे ताणले जाई आणि ते दूध ओढायचे थांबे. पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा आणि सहावीच्या रात्री कोरा कागद व लेखणी ठेवून सटवाईची वाट पाहणे, या चालीरीतींकडे मी पूर्वी हसून पाहत असे. हे सगळे नेमके त्याच दिवसांत का येते, हा विचार मनात आल्यापासून हसू येत नाही. ज्या रात्री घरातल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या बाळे दगावताना पाहिली, त्याच रात्री त्यांनी देवीला बोलावले. ती येऊन कपाळावर काय लिहिते, याची त्यांना खरोखरच धास्ती होती. हा नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटला, असे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

आणि आई? तिला मारणारा मुख्य शत्रू बाळंतज्वर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरायचा आणि आठवड्यात कारभार आटपायचा. याचे कारण हातांना लागलेली घाण, हे व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्येच दाखवून दिले होते. त्याच्या रुग्णालयात दोन कक्ष होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या कक्षात बायका कितीतरी जास्त मरत आणि हे शहरभर माहीत असल्यामुळे त्या कक्षात आपली वर्णी लागू नये म्हणून बायका रडत. शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच प्रसूतीला येतात, हे त्याच्या लक्षात आले. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू एकदम खाली आले. शिकलेले हातही मारू शकतात, हा या गोष्टीतला भाग आपण सोयीस्करपणे विसरतो आणि अडाणी सुइणींनाच नावे ठेवतो. बाळंतज्वरावर औषध निघाले ते थेट १९३५-३६ च्या सुमारास, सल्फाच्या गोळ्या आल्या तेव्हा. म्हणजे कमलाताईंनी काम सुरू केले, त्यानंतरची पंधरा वर्षे त्यांच्या हातात औषध असे काही नव्हतेच. उकळते पाणी, साबण, कार्बोलिक, उन्हात कडक वाळवलेली फडकी आणि कापलेली नखे, ही सारी शस्त्रसामग्री.

मात्र जुन्या सुइणीकडे एक गोष्ट होती, आणि तिच्याविषयी न्यायाने बोलायला हवे. ती उठून जात नसे. कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत, मग त्याला एक रात्र लागो की दोन, ती बाईजवळ बसून असे. पोटावर हात फिरवून बाळाचे डोके कुठे, पाठ कुठे, हे तिला बिनचूक कळे. कंबर रगडून देणे, कळ आली की पाठीला गुडघ्याचा आधार देणे, खांब धरून उकिडवे बसवणे, मधूनच दोन घोट गरम पेज पाजणे, शिव्या देऊन हसवणे. आणि बाळंतपणानंतर चाळीस दिवस तेलपाणी, पोट बांधणे, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, काताबोळ. यातले काय शास्त्रीय आणि काय नाही, हा वाद डॉक्टरांनी घालावा. पण प्रसूत होणाऱ्या बाईजवळ एक अनुभवी बाई सतत बसून राहिली, तर कळा कमी वेळ चालतात, हे १९८० मध्ये ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी रीतसर तपासून पाहिले आणि तसे आढळले. परदेशात आता अशा बाईला डूला म्हणतात. तिचे शिक्षणक्रम असतात, प्रमाणपत्रे असतात आणि तिची फीही चांगली असते. हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ दासी. आपल्याकडची ही दासी आपण मागच्या दाराने घालवून दिली आणि शंभर वर्षांनी ती विमानाने पुढच्या दाराला आली.

तर असे हे दोन टोकांचे जग होते. एकीकडे माया होती आणि मळ होता. दुसरीकडे स्वच्छता होती आणि परकेपणा होता. नागपुरात मिशनचे मूर मेमोरियल होते, डफरीन होते. पण बाटण्याच्या भीतीने, विटाळाच्या भीतीने, परक्या भाषेच्या भीतीने मध्यम आणि गरीब घरातल्या बायका तिथे गेल्या तर अगदी अडल्यावरच जात. आणि अडल्यावर गेलेली बाई बहुधा वाचत नसे, म्हणजे तिथे गेले की मरते, हा समज आणखी पक्का होई.

नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. एम्प्रेस मिलचा भोंगा १८७७ पासून वाजत होता आणि इतवारी-महालातले कोष्ट्यांचे माग त्याआधीपासून. मागावर आणि मिलमध्ये राबणाऱ्या बायकांचे दिवस भरत आले तरी काम सुटत नसे. त्यातच १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली. हिंदुस्थानातल्या ज्या प्रांतांना तिने सर्वांत जबर फटका दिला, त्यात मध्य प्रांत होता. आणि त्या साथीत गर्भार बायका विशेष संख्येने गेल्या, हे वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले आणि शहर नुसते ढवळून निघाले. सरकारी शाळा सोडा, सरकारी कोर्टे सोडा, आपले आपण उभारा, हा सूर सगळीकडे होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्या साथीने मातृसेवा संघ काढला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस. बोटांवर मोजता येतील एवढ्या खाटांचे ते लहानसे प्रसूतिगृह होते.

बँकेतली माझी पस्तीस वर्षे बरीचशी कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. हे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते, तर मी काय केले असते, याचा विचार करताना मला स्वतःचीच थोडी लाज वाटते. अर्जदार दोन बायका. एक बालविधवा. स्थावर नाही, जंगम नाही, जामीनदार नाही. व्यवसाय असा, की ज्यात गिऱ्हाइकाला पैसे नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही आणि उद्या या असेही सांगता येत नाही. कारण मूल उद्यावर थांबत नाही. मिळकत अनिश्चित, खर्च निश्चित. खाटा, चादरी, रोजची धुलाई, रात्रभर जळणारे कंदील, सरपण, दूध, आयाबाईंचा पगार. शेरा मारायला मला एक मिनिट लागले नसते. आमच्या पुस्तकात अशा धंद्याला बसवायला रकानाच नव्हता. मग तो चालला कसा? लोकांच्या देणग्यांवर आणि दोघी-चौघींच्या अंगमेहनतीवर, एवढेच याचे उत्तर आहे. देणगी एकदा मिळवता येते. दुसऱ्या वर्षी त्याच दारात जायचे, तर पहिल्या वर्षीचा हिशेब चोख लागतो आणि त्या घरची एखादी सून आपल्याकडून सुखरूप घरी गेलेली असावी लागते. हे भांडवल संघाकडे वर्षागणिक वाढत गेले असणार.

खरी अडचण पैशापेक्षा घरांची होती. घरचे बाळंतपण सोडून सुनेला बाहेर पाठवायचे, म्हणजे सासूला आपल्या घराण्याचा पाणउतारा वाटे. ज्यांना घरी बघायला कुणी नाही, त्या जातात बाहेर, असे समजले जाई. शिवाय तिथे स्वयंपाक कोणाच्या हातचा, पाणी कोणी भरले, शेजारच्या खाटेवर कोणत्या जातीची, हे प्रश्न होतेच. प्रसूतिगृह ही फार विचित्र जागा आहे. तिथे पंक्ती लावता येत नाहीत. कोष्टीण, तेलीण, ब्राह्मणाची सून आणि मिलमजुराची बायको एकाच रात्री एकाच ओळीत कण्हत असतात आणि ज्या हाताने एकीची नाळ कापली तोच हात धुऊन दुसरीकडे वळतो. मंदिरप्रवेशाच्या चळवळी ज्या काळात दारावर अडत होत्या, त्याच काळात ही सरमिसळ कुणाच्या डोळ्यावर न येता होत गेली. अडलेल्या बाईचे सासर फार प्रश्न विचारीत नाही, हेही त्याचे एक कारण असेल.

महाराष्ट्रात या वाटेवर पहिले पाऊल जोतीराव आणि सावित्रीबाईंचे. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि सावित्रीबाईंनी तिथे स्वतः बाळंतपणे केली. एका विधवेचे मूल, यशवंत, त्यांनी दत्तक घेतले. तिथे सुईण ही सुवासीन होती आणि बाळंतीण विधवा. साठेक वर्षांनंतर नागपुरात सुईण विधवा होती आणि बाळंतीण सुवासीन. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत, असे मला नेहमी वाटते.

पुढची कथा वाढीची आहे आणि संस्थांच्या वाढीच्या कथा वाचायला फारशा रंजक नसतात. नागपुरात सीताबर्डी, महाल आणि मग बाहेरगावी शाखा निघाल्या. परिचारिका घडवण्याचे शिक्षण सुरू झाले; ते फार महत्त्वाचे, कारण एक बाई किती खाटांच्या उशाशी बसणार? १९५८ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. मतिमंद मुलांसाठी नंदनवन निघाले, वृद्धांसाठी पंचवटी निघाली. वरवर पाहता हा पसारा वाटेल. मला त्यात सरळ रेघ दिसते. बाळंतपण लांबते, बाळाचा श्वास कोंडतो, ते वाचते. पण मेंदूला इजा होते. अशी मुले प्रसूतिगृह चालवणाऱ्यांना सर्वांआधी दिसतात आणि चार वर्षांनी त्यांच्या आयांच्या कडेवर ती पुन्हा दिसतात. त्यांना टाळायचे असेल तर टाळता येते. रजिस्टरमध्ये आई आणि बाळ सुखरूप अशी नोंद झालेलीच असते. इथे ती नोंद पुढे चालू ठेवली गेली. म्हातारपणाचेही तसेच. ज्या बाईची सात बाळंतपणे केली, तिला सत्तराव्या वर्षी पाहणारे कुणी नसते, हे बघायला फार लांब जावे लागत नाही.

या वर्षांत नागपूरच्या कपाळावरची पाटी कितीदा तरी बदलली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड गेला, मध्य प्रदेश आला; १९५६ मध्ये राजधानीचा मान जाऊन शहर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. सरकारी फायली भोपाळहून मुंबईला आणि मुंबईहून नागपूरला फिरत राहिल्या. बाळंतिणी कोणत्या राज्यात आहेत, याने संघात रात्रपाळीला काही फरक पडला नसावा. १९६१ साली भारत सरकारने कमलाताईंना पद्मश्री दिली. पासष्ट वर्षांच्या होत्या त्या. आणखी वीस वर्षे त्या जगल्या. १९८१ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या संस्थेला साठ वर्षे झाली होती आणि संघात जन्मलेल्या मुली तिथेच बाळंत होऊन त्यांच्याही मुलींची लग्ने जमत होती.

आज महाराष्ट्रात नव्वद टक्क्यांहून अधिक बाळंतपणे रुग्णालयात होतात. ही लहान गोष्ट नाही. माझ्या आजीला सांगितली असती तर तिला खरी वाटली नसती. पण काही वर्षांपूर्वी माझ्या सुनेच्या वेळी आम्ही एका नव्या, चकचकीत रुग्णालयात होतो. तिची आई काचेच्या दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर रात्रभर बसून होती आणि आत सून एकटी. यंत्रे होती, त्यांचे आकडे होते, दर तासाला येऊन ते आकडे लिहून नेणारी मुलगी होती. दुसऱ्या दिवशी सगळे नीट पार पडल्यावर सुनेने त्या रात्रीचे एवढेच सांगितले, की पहाटे फरशी पुसायला आलेली एक आयाबाई तिची अवस्था बघून थांबली आणि पोछा बाजूला ठेवून तिने दहा मिनिटे तिची कंबर दाबून दिली. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक बाई सोबत असू द्यावी, असे केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये कळवले आहे. ती सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, अशी अपेक्षा त्यात आहे. परिपत्रक वाचताना मला कमलाताई आठवल्या. त्या या अटीत बसल्या नसत्या.

माझ्या जन्माची रात्र आई पुष्कळदा सांगायची. श्रावण होता, पाऊस थांबत नव्हता, सायकल-रिक्षाला वरून गोणपाट बांधून वडिलांनी तिला सीताबर्डीवर आणले. मी पायाळू होतो, म्हणून वेळ लागला. रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत एक बाई तिच्या पाठीशी होती. ती डॉक्टर होती की परिचारिका, हेही आईला कळले नाही. मला घेऊन घरी आल्यावर पंधरा दिवसांनी आईने तिच्यासाठी डिंकाचे लाडू पाठवले, तेव्हा वडील विचारत हिंडले. पण त्या रात्री तिथे कोण होते, हे धड कुणी सांगेना, आणि लाडू मग सगळ्यांनाच वाटले गेले. नाव शेवटपर्यंत कळले नाही. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हात गार आणि हाताला कार्बोलिकचा वास, एवढेच आई सांगायची.